थोरल्याला किती जागा ठेवू?

विंडोज वापरणाऱ्यानं कंप्युटरवर लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय का? मी लातुरात बारावीच्या पोरांना इंटिग्रेशन शिकवतो! आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरावर क्लासची पाटी आहे आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या पाटीवर माझं नाव आहे. खालून दुसरं आहे, पण आहे! असा माणूस एका सीडीला भिणार?

"अहो, आधी पेपर तरी दुसरीकडे काढून ठेवा," बायको ऋतुजा म्हणाली. सोमवारच्या परीक्षेचा पेपर आणि चार वर्षं जमवलेले प्रश्न, सगळं त्या घरच्या कंप्युटरमध्येच होतं.

"काही होत नाही गं! विंडोज जागेवर राहणार, शेजारी लिनक्स येऊन बसणार."

सीडी घातली. पडद्यावर पार्टिशन का काय ते विचारायला लागलं आणि मला घाम फुटला! आमच्या क्लासमध्ये कंप्युटर शिकवणाऱ्या व्यंकटी सरांना फोन लावला. त्यांनी तीनदा समजावलं, मला तीनदा कळलं नाही. शेवटी ते शेतीवर आले.

"सर, असं समजा, डिस्क म्हणजे रान. विंडोज थोरला भाऊ, लिनक्स धाकटा. दोघांत वाटणी करायची."

हे मात्र फटदिशी कळलं! आणि आनंदाच्या भरात माझा वर्गातला आवाज लागला. त्या आवाजाला माइक लागत नाही.

"म्हणजे वाटणीच करायची म्हणा की! थोरल्याला किती ठेवू? निम्मं? छे हो! तो नुसता जागा खाऊन बसलाय. काम सांगितलं की झोपतो, वर रोगट! धाकट्याला जास्त देऊ. काय म्हणता, थोरल्याला पुसूनच टाकलं तरी चालतंय? न्हाई न्हाई, एवढ्यात नको. पडून राहू द्या कोपऱ्यात!"

या सगळ्यात एक गोष्ट मी साफ विसरलो होतो. दाढेच्या दुखण्यासाठी चाकूरहून आलेली सिंधुवहिनी आत स्वयंपाकघरात बसली होती. सिंधुवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, शेषेरावदादांची बायको. चाकूरचं आमचं सगळं रान दादाच कसतात, आणि त्यातूनच त्यांनी मला शिकवलं.

तासाभरात दारात जीप थांबली. दादा आत आले. ऋतुजानं पाणी दिलं, तर हात आडवा!

"पाणी न्हाई प्यायचं मला. दयानंद, मी रोगट हाय?"

"आं?"

"वाटणी पाहिजे न तुला? विहिरीकडलं घे. सगळं घे! पर पुसून टाकायची भाषा? भूकंपानंतर पत्र्याच्या एका शेडात सारं घर राहिलं. तुला अभ्यासाला जागा पाहिजे म्हणून मी बाहेर झोपत होतो. तवा न्हाई दिसलो का जागा खाताना?"

दादांनी बाहीनं डोळे पुसले. मला काही कळेना, पण माझेही डोळे भरून आले.

"मी माझ्या कानानं ऐकलंय, भाऊजी!" वहिनी गालाला हात लावून म्हणाली. "कोपऱ्यात पडून राहू द्या म्हणलात! तवाच ह्यांना फोन लावला."

तेव्हा माझी ट्यूब पेटली आणि मी हसत सुटलो. असं कुणी भलत्या वेळी हसू नये. दादा मारायलाच उठले! त्यांना हाताला धरून कंप्युटरपुढं बसवलं आणि सगळं रामायण सांगितलं.

"म्हंजी आपल्या रानाची वाटणी न्हाई?"

"दादा, तुमच्यापुढं वाटणीचं नाव काढलं तर जीभ झडंल माझी!"

दादा एवढे हसले की जीपवाला आत डोकावला. "ऋतुजा, च्या टाक! लई घाबरवलं की गं यानं!"

माझ्या जिवावरचा धोंडा उतरला होता. आता तोंड गोड करायलाच पाहिजे! निघता निघता दादांनी पडद्याकडं बोट करून विचारलं, "ह्या दोन ओळी कशाच्या?"

"वरची म्हणजे दोन हिस्से. खालची म्हणजे सगळी जागा एकच," एवढं सांगून मी गुलाबजाम आणायला पळालो.

परत येतो तर दादा खुर्चीत पंचासारखे बसलेले! गावच्या सोसायटीत त्यांना माउस धरायची सवय झालेली.

"टाकला निकाल तुझ्या दोघा भावांचा! आपल्या घरात वाटणी न्हाई म्हंजी न्हाई. खालची ओळ दाबली. नक्की का म्हणून विचारायलं होतं. म्हणलं, नक्की!"

थोरला पुसला गेला होता. पेपरासकट, प्रश्नांसकट, अंथरुणा-पांघरुणासकट! पडद्यावर धाकटा पाय पसरून सगळं रान व्यापत होता. ऋतुजानं माझ्याकडं असं बघितलं की मी हातातला गुलाबजाम खाली ठेवला.

"काय रं, बरं केलं न?" दादांनी लेकरासारखं हसत विचारलं.

"लई बेस केलं, दादा!"

सोमवारी परीक्षा रद्द झाली. पोरांनी वर्गात शिट्ट्या मारल्या. क्लासचे मालक माझ्यावर कडाडले, "पुसलं कुणी?"

"मोठ्या भावानं."

"मग जाब विचारा त्याला!"

हो म्हणालो. पण आमच्याकडं एकत्र कुटुंब आहे हो. दादांना जाब विचारायचं काम मी धाकट्या पिढीकडं सोपवलंय, आणि ती अजून जन्माला यायची आहे!