कोण न्हाय ते बघा

इंदापूर रोडला मोटरसायकल कडेला लावून, हात मागं बांधून, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सपुढं एखादा माणूस टक लावून उभा दिसला, तर तो वेडा आहे असं समजू नका. तो आमचा सुदाम. पिंपळीचा. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासावर पीएचडीला बसला आणि त्यापायी बारामतीपासून इंदापूरपर्यंतचा एकही फ्लेक्स वाचल्याशिवाय सोडत नाही.

मी कोण म्हणाल, तर त्यातले निम्मे फ्लेक्स माझ्याच दुकानातले. बारामतीत स्टँडजवळ बसतो मी. वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, कुणाचं तोंड कुठं लावायचं यात मला विचारल्याशिवाय तालुक्याचं पान हलत नाही. सगळ्यात वर गोलात प्रेरणास्थान, मध्ये उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची रांग. एक तोंड इकडचं तिकडं झालं की भांडण माझ्या काउंटरवर.

सुदाम पहिल्यांदा आला तो जुने फ्लेक्स मागायला. मला वाटलं, गोठ्यावर टाकायला हवे असतील, लोक नेतातच. तर गड्यानं दोन फ्लेक्स जमिनीवर शेजारी शेजारी पसरले आणि उकिडवा बसला.

"आप्पा, ह्यो माणूस गेल्या साली वरच्या रांगंत हुता. औंदा न्हाय."

"मग?"

"कोण हाय ते सोडा. कोण न्हाय ते बघा."

हे त्याचं पालुपद. त्याचा सगळा अभ्यासच त्यावर. तिकडं म्हणे एखादा पुढारी मर्जीतून उतरला की जुन्या फोटोंतूनसुद्धा त्याला पुसून टाकायचे. "पर जागा ऱ्हाती की, आप्पा! रांगंत मधीच खड्डा दिसतो. न्हायतर कुणाच्या तरी मागं टोपीचं टोक ऱ्हातं." म्हणजे माझ्याच धंद्यातला कुणीतरी तिकडंही बसला होता! सांगतो, मला उगाच अभिमान वाटला. त्यात त्यांच्या सगळ्यात मोठ्या पुढाऱ्यालाही, आपल्या साखर कारखान्यासारखं, चेअरमनच म्हणायचे. मग तर चीन मला आपल्या सांगवीच्या पलीकडंच वाटायला लागला.

विद्या खोटी नव्हती हं. एका सोसायटीचे व्हाइस चेअरमन वरच्या रांगेतून घसरून शुभेच्छुकांत आले, तेव्हा सुदाम म्हणाला, "ह्ये दिवाळीपतुर पलीकडं जात्यात." ते दसऱ्यालाच दुसऱ्या गटात गेले. तेव्हापासून कार्यकर्ते फ्लेक्स न्यायला यायचे आणि हळूच विचारायचे, "आपले डॉक्टर काय म्हंत्यात?"

डॉक्टर तर तो झालाच नव्हता. खरी बोंब तीच होती. बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली, तरी याचा प्रबंध चाललेलाच. त्याचे वडील, तात्या, मला भेटले की ऐकवायचे, "आप्पा, ह्या बारीला पास झाला तर ठीक. न्हायतर चेअरमनकडं शब्द टाकलाय. कारखान्याच्या वजनकाट्यावर हुभा करतो त्याला. चीन बास झाला." तात्या बोलले म्हणजे करणार. त्यामुळं सुदामची तोंडी परीक्षा जवळ आली तसा त्याच्यापेक्षा मीच जास्त हैराण.

त्यात गड्यानं घोळ घातला. इंदापूरच्या एका लग्नाच्या फ्लेक्सवर नवरदेवाचे काका नव्हते. यानं चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं, "भावकी फुटली!" दुसऱ्या दिवशी काका तणतणत माझ्या दुकानात. त्यांचा मोबाइल पाण्यात पडला होता म्हणून फोटो पाठवायचा राहिला, एवढंच. मी सुदामला फैलावर घेतलं. "अरे शहाण्या, चीनमधी माणसाचा फोटो नुसता मिळालाच न्हाय, असं होतच नसंल व्हय रं?"

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "ह्यो मुद्दा परबंधात घ्याया पायजे."

मी कपाळावर हात मारला.

परीक्षेला जाताना तो माझ्याकडून दोन फ्लेक्स गुंडाळून घेऊन गेला. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, जो फोटोत दिसत नाही तो तिथं होता हे कशावरून? आमच्या पठ्ठ्यानं भल्यामोठ्या टेबलावर व्हाइस चेअरमन अंथरले, आधीचे आणि नंतरचे. परीक्षक म्हणे खुर्चीतून उठून बघायला आले. पास! मी दुकानासमोर फटाक्यांची माळ लावली. शेजारच्या मेडिकलवाल्यानं कान झाकून शिव्या दिल्या, देऊ दे.

पिंपळीच्या फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा ठरलं. सुदाम स्वतः फोटो घेऊन आला. लहानपणचा, शाळेच्या भिंतीपुढं, रडून लाल झालेलं तोंड.

"ह्यो वर, परेरणास्थानाच्या गोलात."

"सोताच सोताचं प्रेरणास्थान? चीनमधी चालतं वाटतं असं!" मी हसत फोटो स्कॅन केला आणि सवयीनं साफ करायला घेतला. त्याच्या खांद्यावर कडेनं कुणाचा तरी हात आला होता. मनगटापर्यंतच, बांगड्या घातलेला. असे परके हात मी रोज पुसतो. निम्मी बोटं पुसलीसुद्धा.

सुदामनं माझं मनगट धरलं.

"आप्पा, हात ऱ्हाऊ द्या. मला काढा."

मी माउस सोडून त्याच्याकडं वळलो.

"आई हाय ती. फोटोवाला म्हनला, बाई, बाजूला व्हा. ती झाली. पर मी रडत हुतो म्हनून हात तेवढा ठिवला. त्याच साली गेली. तिचा दुसरा फोटो न्हाय, आप्पा. कुठंच न्हाय."

एवढी वर्षं हा माणूस परक्या देशाच्या फोटोंत पुसलेली माणसं का हुडकत फिरला, ते मला त्या मिनिटाला कळलं आणि डोळे भरून आले. मी पुसलेली बोटं परत आणली, एकूणएक. पोराला काढलं. वरच्या गोलात, जिथं मी आजवर मोठमोठी तोंडं लावली, तिथं तो हात लावला.

फाट्यावर पोरांनी विचारलंच, "आप्पा, ह्ये कुणाचं निवडणुकीचं चिन्ह?" मी असे डोळे वटारले की पोरं पांगली.

संध्याकाळी तात्या आले. पोराच्या नावामागं 'डॉक्टर' लागलेलं वाचतील असं वाटलं, पण त्यांची नजर वरून खाली उतरलीच नाही. मग टोपी काढून हातात घेतली.

"सुप्याच्या बाजारातनं आणल्या हुत्या त्या बांगड्या," ते म्हणाले. "मीच."

सुदाम शेजारी येऊन उभा राहिला. तात्यांनी त्याच्याकडं न बघताच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आठवडा झाला की फ्लेक्स उतरवायचा, हा माझाच नियम. हा उतरवलेला नाही. ग्रामपंचायतीनं दोनदा निरोप धाडला. धाडू दे. काढायला येईल त्याला मी बघतो.