हिवराजभाऊंचे छत्तीस दात

नवी मोटारसायकल घेतली की लोक काय विचारतात? ॲव्हरेज किती देते, पार्टी कधी देता. हिवराजभाऊ विचारतात, "दात किती?"

आणि उत्तराची वाट बघत नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून मागच्या चाकापाशी उकिडवे बसतात आणि चेन ज्या चकरीवरून फिरते, तिचे दात बोट लावून मोजायला लागतात. माझी लाल दीडशे सीसीची गाडी दारात आली, तेव्हा हँडलवरचा हारसुद्धा सुकला नव्हता. हे आले, बसले, मोजले, उठले. तेलकट बोट माझ्या कोऱ्या सीटला पुसलं आणि म्हणाले, "त्रेचाळीस. लय झाले, सेठ. गाडी उगीच बोंबलते."

बस. रंगाबद्दल एक शब्द नाही. बाप्पा बाप्पा, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला पायरीखाली उतरवला असता! पण हिवराजभाऊ पडले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, वर वयाने मोठे. मी हसलो. पोटात मात्र जी आग लागली ती पुढं दोन वर्षं विझली नाही.

माझं आमगावला कापडाचं दुकान आहे. मी आणि माझी बायको मंदा, दोघं मिळून चालवतो. आमचं गाव तिथून जवळच. हिवराजभाऊ एका राईस मिलात मशीन चालवतात. तीस वर्षं झाली, रोज तीच घरघर, तोच कोंडा. घरी बारा माणसं. ऐंशी ओलांडलेले वडील, त्यांना सगळं गाव बाबाजी म्हणतं, दिवसभर छपरीत खाटेवर. आंगणात मोठे भाऊ. आत सुना-नातवंडं. अनुसयावहिनी, म्हणजे हिवराजभाऊंची बायको, या सगळ्यांत कुठंतरी डोक्यावर पदर घेऊन असायच्या. वीस वर्षांच्या शेजारात मी त्यांचा आवाज पाचसहा वेळा ऐकला असेल. सासरे आणि थोरले दीर यांच्या देखत नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची जुनी रीत. पोरी मोबाईलवर बोलतात आता, पण वहिनींनी ती सोडली नव्हती.

हिवराजभाऊंची गाडी शंभर सीसीची, एकोणीस वर्षांची. सीटला ट्यूबचं ठिगळ, इंडिकेटर तारेनं बांधलेला. भंगारवाल्यानंही वळून पाहू नये. आणि चौकातल्या चहाच्या टपरीवर चर्चा कुणाच्या गाडीची? त्या गाडीची! "हिवराजची गाडी शंभर भेटते." म्हणजे ताशी शंभर किलोमीटर वेग देते. माझी दीडशे सीसीची समोर उभी, चकाचक, आणि लोक तिच्यावर कोपर टेकवून हिवराजच्या गाडीचं कौतुक करतात.

त्यांची सगळी विद्या मिलातली. पट्टा आणि पुली बघून बघून शिकलेले. चेनच्या पुढच्या चकरीला एक दात वाढवा, नाही तर मागच्या चकरीचे तीन दात कमी करा, हिशेब एकच. इंजिन तेवढंच फिरतं, चाक जास्त फिरतं. गाडी उठायला सुस्त होते, पण एकदा धावायला लागली की टॉप वाढतो. हे ते कुणालाही सांगत. लग्नात जेवायला बसलेल्याला सांगत. मयतीला आलेल्यालाही सांगत. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "सीधी बात आहे जी, एक दात कमी, एक दुनिया मागं."

छपरीच्या भिंतीवर सहा खिळे, सहा खिळ्यांना सहा चकऱ्या. प्रत्येकीवर ऑइलपेंटनं आकडा. बेचाळीस, एकेचाळीस, चाळीस, असं करत करत गडी छत्तीसवर आला होता. बाबाजी खाटेवरून ओरडायचे, "लहानपनी खेळनं नाही भेटलं, आता खेळून राहिला!" हिवराजभाऊ कानाला हात लावून विचारायचे, "आँ?" बाबाजी पुन्हा ओरडायचे. त्यांना पुन्हा ऐकू जायचं नाही. शिव्या खायची ही सोय मला तरी भारी वाटायची. मिलातल्या माणसांचे कान असेच, म्हणून कुणी त्याचं काही मनावर घेत नसे.

आणि त्यांची बसायची तऱ्हा! मान डावीकडे अशी कलती, जणू कुणी कान धरून ओढतंय. टपरीवरची मंडळी म्हणत, "रेसवाल्यांची पोज आहे ते. हवा कापते." मी घरी आरशासमोर मान कलती करून पाहिली. मंदा म्हणाली, "लचक भरली का?"

एवढं कौतुक, पण रेल्वेच्या पुलावर मात्र फजिती व्हायची. छत्तीस दातांवर गाडीला चढ झेपत नसे. मागे बायको असली की अर्ध्या चढावर इंजिन हुंदके द्यायला लागायचं. मग वहिनी उतरायच्या, लुगडं सावरत पायी चढायच्या, आणि हिवराजभाऊ वर जाऊन गाडी चालू ठेवून वाट बघायचे. ट्रकवाले हॉर्न मारायचे, लोक हसायचे. मला पोटभर आनंद व्हायचा. पण एकदा मी जवळून गेलो तर पाहिलं, वर पोचलेल्या वहिनी स्वतःच हसत होत्या. पदर दातात धरून, पोरीसारख्या. माझा आनंद तिथंच आटला. माझी बायको एवढ्या भारी गाडीवरून बिनबोभाट पूल चढते, पण वर पोचून कधी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

शेवटी एका शनिवारी माझा तोल गेला. टपरीवर पुन्हा तेच शंभर सुरू झालं. मी कप आपटून म्हटलं, "कोणी पाह्यलं का शंभर? कोणाच्या बापानं पाह्यलं? उद्या मी त्याच्या मागं जातो. सोमवारी इथंच सांगतो किती भेटले ते!"

सगळे खूश झाले. हिवराजभाऊ पाच हातांवर चहा पीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला वाटलं, काय हा माज!

दर रविवारी ते दोघं सौंदडला वहिनींच्या माहेरी जात. आमगाव सोडलं की देवरीचा रस्ता, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पुढं सागाचं जंगल, सरळसोट डांबर. शंभर काढायला याहून बरी जागा नाही. मी मंदाला बसवलं आणि कारण दिलं, देवरीला एका गिऱ्हाइकाकडं जायचंय. अंतर ठेवून मागं लागलो. आता पळतो, आता पळतो.

काटा चाळीसवर.

पाच किलोमीटर झाले, चाळीस. सरळ रस्ता आला, चाळीस. सायकलवाला बाजूनं गेला असता तर त्यानंही नमस्कार केला असता. मंदा मागून वैतागली, "इतकी हळू काऊन चालवून राहिले जी?" मी मनातल्या मनात सोमवारचं भाषण तयार केलं आणि गाडी पिळून बाजूनं काढली. वाटलं, बघेल तरी. लाल रंग आहे, आंधळ्यालाही दिसतो.

त्यांनी पाहिलंच नाही. वहिनींची हनुवटी त्यांच्या डाव्या खांद्यावर होती, तोंड कानापाशी, आणि त्या बोलत होत्या. हातवारे करून, भराभर, डोक्यावरचा पदर मानेवर घसरलेला. हिवराजभाऊ मान कलती करून खदाखदा हसत होते. मी हॉर्न दिला. तोही त्यांना ऐकू गेला नाही.

पुढं मोहाच्या झाडाखाली एक चहावाली बसते. तिथं मी थांबलो. बऱ्याच वेळानं ती दोघं आली. बायका बोरिंगवर पाणी प्यायला गेल्या, आणि मी हिवराजभाऊंना धरलं.

"कुठं गेले शंभर?"

"आँ?"

मी डाव्या कानाशी जाऊन ओरडलो. "शंभर कुठं गेले, म्हनलं! चाळीसवर चालवून राहिले तुमी!"

"हळू बोला, सेठ," ते बोरिंगकडं बघत म्हणाले. "तुमची वहिनी ऐकन."

मग खाली बसले. मीही त्यांच्या डाव्या कानाशी टेकलो. काडीनं मातीत गोल काढला, त्याला दात काढले, पुसून टाकले.

"उजवा कान पुरा गेला, सेठ. मिलानं खाल्ला. डावा जरासा उरला. डाक्टर म्हनते, हाही जाईन."

"मशीन लावा ना कानाला."

"लावली. तिच्यातून पट्ट्याचा आवाज येते, हवेचा येते, कुत्र्याचा येते. हिचा तेवढा येत नाही. आन घरी? मले ऐकू यावं असं बोललं तं बाबाजीले ऐकू जाते, भाऊले जाते, तुमच्या घरी पन येते. मंग बोलतच नाही. आठ दिवसाचं जमा करून ठेवते आन इतवारी गाडीवर सांगते."

त्यांनी मातीत पुन्हा एक गोल काढला.

"पयले गाडी चाळीसवर लय बोंबले. सतरा वरसं हे मागून बोले आन मी नुसता मुंडी हालवत हाव हाव करत जाऊ. मंग एक दात कमी केला. इंजिन जरा निवांत झालं, तं दोनचार शब्द आले. तीन कमी केले, अर्धं आलं. छत्तीसवर सारं आलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तिले एक मावसबहीण आहे, मले सतरा वरसं मालूमच नव्हतं."

"मग शंभर?"

"ते लोकाईले सांगाले. बायकोचं आयकाले दात कमी करून राहिलो म्हनलं तं बाबाजी काय म्हनतील? साठच्या वर मी कधी गेलोच नाही. हवेचा आवाज होते ना."

"आणि पुलावर वहिनी उतरतात ते?"

"मी म्हनलं, दोन दात वाढवतो, चढन. तं हे म्हने, नोको. मी पायी चढीन."

तेवढ्यात बायका आल्या. वहिनींनी मला पाहिलं, पदर डोक्यावर घेतला, आणि त्यांचा आवाज पुन्हा बंद झाला.

खरं सांगतो, मला त्या माणसाचा असा हेवा वाटला, की गाडीचा हेवा त्यापुढं काहीच नव्हता. माझे दोन्ही कान शाबूत. मंदा दिवसभर माझ्यापासून तीन हातांवर असते. आणि आम्ही काय बोलतो? अडीच मीटर काप. पिशवी दे. फिरोजी दाखव. आठ दिवस साठवून ठेवावं असं तिच्याकडं काही असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. परतताना मी तिला विचारलं, "वहिनी काय म्हणत होत्या बोरिंगवर?" तिनं काहीतरी सांगितलं. माझी गाडी बोंबलत होती. मी हाव हाव केलं.

सोमवारी सकाळी टपरीवर माणूस मावत नव्हता. "बोला सेठ, किती भेटले?"

हिवराजभाऊ नेहमीच्या जागी कप धरून उभे होते. त्यांना विषय कळला होता. तोंड उतरलं होतं, आणि डावा कान माझ्याकडं होता.

दोन वर्षांची आग. एक वाक्य बोललो असतो तर विझली असती. मी घसा खाकरला.

"शंभरावर दोन," मी मोठ्यानं म्हटलं. "माझी मागं राहिली."

काय तो कल्ला! कुणी माझ्या पाठीत थाप मारली, कुणी म्हणालं सेठ, गाडी विकून बैल घ्या. अजूनही चौकात मला पाहिलं की पोट्टे "एकशे दोन" म्हणून ओरडतात. हिवराजभाऊंना नीट ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हनले?" त्यानं कानात ओरडून सांगितलं.

हिवराजभाऊ कप ठेवून माझ्या गाडीपाशी आले, पँट वर ओढली, उकिडवे बसले आणि बोट लावून पुन्हा सगळे दात मोजले.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "मिलात आना उद्या. अडतीस करून देतो."

पुढच्या रविवारी मंदाला घेऊन निघालो. गिऱ्हाईक नाही, काम नाही. गाडी उठायला सुस्त झाली होती. धानाच्या बांध्या लागल्या तशी मी चाळीसवर धरली आणि मान डावीकडं कलती केली.

"मान दुखते का जी?" मंदानं विचारलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"नाही," मी म्हटलं. "तू बोल."