व्यंकण्णांचं गाडीघर

आमच्या शेजारचे व्यंकण्णा रोज संध्याकाळी कचेरीतून पायी यायचे आणि घरात शिरण्यासाठी मोठ्या लोखंडी गेटच्या दोन्ही फळ्या सताड उघडायचे. मग बरोबर मधून, सावकाश, कुणी मागून ढकलत असल्यासारखे आत जायचे. आत गेले की वळून दोन्ही फळ्या लावायचे. बाजूला माणसांसाठी छोटं दार होतं. त्यातून त्यांची बायको इंदू जायची, दूधवाला जायचा, मांजर जायचं. व्यंकण्णा मात्र गेटातूनच. लॉरी आत जाईल एवढं गेट आणि जाणारा माणूस माझ्या खांद्याएवढा.

गेटासमोर गाडीघर होतं. गाडी नव्हती. सायकलसुद्धा नव्हती. जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा आधी गाडीघर झालं आणि उरलेल्या जागेत माणसांसाठी खोल्या बसवल्या. इंदू पोळ्या लाटायला बसली की स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या माणसाने बाहेर जायचं, अशी सोय. गाडीघर मात्र ऐसपैस, शहाबादी फरशीचं. रोज सकाळी व्यंकण्णा ते झाडायचे. दसऱ्याला तिथल्या मोकळ्या फरशीला हळदकुंकू वाहायचे.

एकदा मी म्हटलं, "व्यंकण्णा, फरशी नुसती पडलीय. माझे सांडगे तरी घालते वाळत."

"छे छे, अक्का. ती तिची जागा आहे."

"ती आहे कुठं पण?"

"येईल. नोडोणरी."

नोडोणरी म्हणजे बघू या. धारवाडच्या मळमड्डीत आम्ही घरात मराठी बोलतो आणि टाळायचं असलं की कन्नड. व्यंकण्णांचं अर्धं आयुष्य नोडोणरीवर गेलं.

'ती' म्हणजे जुन्या हुबळीतल्या एका कापसाच्या शेठजींची विलायती गाडी. तिचं नाव मला कधी नीट घेता आलं नाही. सायीच्या रंगाची, लांबलचक, पुढे चांदीसारखी चकचकीत जाळी आणि मागची सीट आमच्या दिवाणापेक्षा मोठी. व्यंकण्णा तरुणपणी त्या शेठजींकडे गुमास्ते होते. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा शेठजी म्हणाले, "व्यंकटेश, नवरी आपल्या गाडीतून आण." इंदू ब्याडगीची. तिच्या वडलांनी गावभर सांगितलं, माझी मुलगी हुबळीच्या शेठच्या गाडीतून सासरी जाणार. लग्नाच्या दिवशी सगळं गाव वेशीवर उभं. शेठजींना ऐन वेळी आंबे आठवले. गाडी आंबे आणायला गेली आणि नवरीसाठी मालाची लॉरी आली.

ती लॉरी व्यंकण्णांच्या दारात थांबली तेव्हा मी इंदूच्या पायांवर पाणी घालायला उभी होते. पोरगी शालूत, मुंडावळ्या वाकड्या, डोळे लाल, नाकातून धार. हुंदक्यावर हुंदका. सासू दचकली, बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात व्यंकण्णा लॉरीतून उडी मारून हसत म्हणाले, "अहो रडत नाही ती! लॉरीत ब्याडगी मिरचीची पोती आहेत. ठसका लागलाय!"

आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. तेव्हापासून ही गोष्ट गल्लीत मिरचीची नवरी म्हणून चालू आहे. बारशाला, मुंजीला, हळदीकुंकवाला कुणीतरी काढायचंच. सगळ्यात रंगवून सांगायचे ते स्वतः व्यंकण्णा. लॉरीवाल्याच्या शिंका, पुरोहिताच्या शिंका, सगळ्या वेगवेगळ्या करून दाखवायचे. इंदू सुपारी कातरत बसायची.

व्यंकण्णांनी पुढे शेठजींची नोकरी सोडली, धारवाडला सरकारी कचेरीत लागले, पण गाडी डोक्यातून गेली नाही. त्यांनी नेमच केला. बसायचं तर तिच्यात, नाहीतर पायी. स्कूटर घेतली नाही. रिक्षाला हात केला नाही. नातेवाइकांनी लग्नाला न्यायला गाडी पाठवली तर परत पाठवायचे. बस आणि रेल्वे तेवढी चालायची, कारण त्या सरकारी, त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही, असं त्यांचं म्हणणं. नेम त्यांचा, पण पाय इंदूचेही. मार्केटमधून भाजीच्या पिशव्या घेऊन ती उन्हातून चालत यायची आणि मी रिक्षातून तिच्या बाजूने जायचे.

"ये की गं, बस!" मी ओरडायचे.

"ह्यांना कळलं तर दोन दिवस जेवत नाहीत," ती म्हणायची आणि चालायची.

चालून चालून तिचे गुडघे गेले. आता काठी आली. बसली की उठता येत नाही, उठली की बसता येत नाही. एकदा मी व्यंकण्णांना स्पष्ट म्हटलं, "तुमच्या गाडीपायी बायकोचे पाय घालवून सोडलात." त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीघर दोनदा झाडलं.

इंदूही काही गरीब गाय नव्हे. "ती गाडी आली ना, तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही," ती म्हणायची. "मला मिक्सर पाहिजे होता, पाट्यावर वाटून जन्म संपला. आता गाडी काय करू? चाटू?"

गेल्या दिवाळीनंतर शेठजींचा नातू गाडी काढून टाकतोय असं कळलं. व्यंकण्णांनी त्या दिवशी चहा अर्धा टाकून हुबळीची बस धरली. व्यवहार झाला. आणायला जायच्या दिवशी इंदू दार लावून आत बसली. व्यंकण्णा माझ्याकडे आले.

"अक्का, तुम्ही चला. ओवाळायला बाईमाणूस पाहिजे."

"मी विधवा. मला नेता होय ओवाळायला? लोक काय म्हणतील?"

"गाडी जुनी, तुम्ही जुन्या. कोण काय म्हणतंय? चला की."

गेले. मला गाडीचं कौतुक नव्हतं, फजिती बघायची होती.

जुन्या हुबळीच्या त्या बोळात गाडी एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मेहबूब मिस्त्रींनी महिनाभर खपून तिला चालती केली होती. व्यंकण्णांनी चप्पल काढून नमस्कार केला. मी कुंकू लावलं, नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. व्यंकण्णा आत बसले, किल्ली फिरवली. गाडी नुसती खोकली. शेवटी बोळातल्या हमालांनी धक्का मारला. लिंबं चिरडली, गाडी सुरू झाली आणि पुढे उभ्या असलेल्या हमालाने जीव वाचवून गटारात उडी मारली.

"ब्रेक जरा उशिरा लागतो," मेहबूब मागून ओरडले. "आणि थांबवू नका, अण्णा! इंजिन बंद पडलं तर पुन्हा धक्का लागेल!"

हे थांबवू नका व्यंकण्णांनी फारच मनावर घेतलं.

मी मागे बसले होते, एकटी, एवढ्या मोठ्या सीटवर वाटाण्यासारखी घरंगळत. व्यंकण्णांनी लायसन्स तरुणपणापासून वेळेवर नवं करून घेतलं होतं, पण चालवली होती ती शेठजींची मालाची लॉरी, तीही नोकरी सोडेपर्यंतच. मोठ्या रस्त्याला लागलो आणि बघते तर दोन्ही बाजूंना कठडे.

हुबळीहून धारवाडला येताना रस्त्याच्या मधोमध बसगाड्यांसाठी वेगळा रस्ता राखलाय, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. व्यंकण्णा नेमके त्यात.

"व्यंकण्णा, हा बसचा रस्ता."

"मोकळा आहे की."

"म्हणूनच मोकळा आहे!"

चौकात बाहेर पडायची सोय होती. पण वळताना ती बंद पडेल म्हणून व्यंकण्णा वळेनात. त्यामुळे आम्ही सरळ. पुढे बस, मागे बस, मधे आम्ही. मागचा ड्रायव्हर भोंगा वाजवून बेजार. त्या बसचे थांबे चांगले उंच बांधलेत, लोक वर उभे असतात. पुढची बस थांबली की व्यंकण्णा पाय दाबून इंजिन चालू ठेवायचे आणि आम्ही तिथंच गुरगुरत उभे, विहिरीत पडल्यासारखे, आणि वरून पन्नास तोंडं आमच्याकडे बघतायत.

"यजमानर, इदु बस्सिन दारी!" एक रखवालदार ओरडला. मालक, हा बसचा रस्ता आहे.

"हौदरी!" होय होय म्हणत व्यंकण्णांनी हात हलवून त्याचा नमस्कार स्वीकारला.

एका कॉलेजच्या पोरीने वरून फोटो काढला. "अज्जी, सूपर!" म्हणाली. मी पदर डोक्यावरून घेतला तो मळमड्डी येईपर्यंत खाली केला नाही.

मळमड्डीत आलो तेव्हा गल्ली जमली होती. गेटाच्या दोन्ही फळ्या सकाळपासून उघड्या. व्यंकण्णांनी भोंगा वाजवला आणि ज्या रस्त्याने आयुष्यभर एकटे चालत गेले, त्याच रस्त्याने, बरोबर मधून, गाडी आत घातली. कुठे घासली नाही. समोर बोटभर, मागे वीतभर, दोन्ही बाजूंना चार बोटं. जागा अगदी मापाची. गाडी एकदा हिसका देऊन बंद पडली.

"बघितलंत, अक्का?" व्यंकण्णा वळून म्हणाले. "गुमास्ता असताना सुतळीनं माप घेऊन ठेवलं होतं. शेठजी दुपारी झोपले की."

मी दार उघडायला गेले. दार भिंतीला टेकलं. बोटं बाहेर गेली, मी गेले नाही. दुसऱ्या बाजूला सरकले. तिकडेही तेच. पुढे व्यंकण्णा आपलं दार भिंतीवर आपटत होते.

"व्यंकण्णा, माप दारं उघडून घेतलं होतं का लावून?"

त्यांनी दार आपटायचं थांबवलं. मग म्हणाले, "दारं शेठजींपुढे उघडायची, अक्का. आमच्यापुढे कधी उघडली?"

इंदू काठी टेकत बाहेर आली. तिने मागच्या काचेतून आम्हा दोघांना बघितलं आणि जी हसायला लागली, ती भिंत धरून हसली. "राहा आता तिथंच. चहा आणून देऊ?" आणि खरंच मागून भिंतीच्या फटीत हात लांब करून माझ्या खिडकीतून कप दिला. मग गाडी मागे ओढायला माणसं बोलवायला गल्लीत गेली, तिच्या पद्धतीने, म्हणजे दहा पावलांना एकदा थांबत.

आम्ही अंधाऱ्या गाडीघरात बसून राहिलो. मी म्हटलं, "आता ही नवी गोष्ट झाली. मिरचीच्या नवरीपेक्षा भारी. बारशाला सांगायला बरी."

व्यंकण्णा पुढे बघत होते. "अक्का, लॉरीत मिरची नव्हती."

"काय?"

"रिकामी होती. तळाला थोडा कापूस होता. तिचे अप्पा वेशीवर उभे होते, सगळं गाव हसत होतं. त्यांनी लॉरीच्या फळीला हात लावला आणि तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, खाली मान घालून परत गेले. तिथून धारवाडपर्यंत ही रडत होती. दारात तुम्ही सगळ्या उभ्या. पहिल्या दिवशी रडत आली म्हणून तिला जन्मभर बोलल्या असतात. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. ब्याडगीची मुलगी, मिरची सुचली."

"मग दर वेळी शिंका काढून दाखवायची काय गरज होती?"

"कुणी विसरलं असतं तर विचारलं असतं की, का रडत होती ती?"

मी आयुष्यभर मिरच्या कुटल्या. मिरचीच्या पोत्यांवर बसून आलेल्या बाईचा शालू कसा वास मारतो, ते मला कळायला पाहिजे होतं. त्या दिवशी तिच्या शालूला नुसता धुळीचा वास होता. हे मला तिथं, गाडीत अडकून, चहा प्यायल्यावर आठवलं.

माणसं आली, गाडी मागे ओढून गेटाबाहेर रस्त्यावर आणली. व्यंकण्णा उतरले. मी उतरले. त्यांनी मागचं दार पूर्ण उघडलं, टोपी काढून हातात घेतली आणि उभे राहिले. इंदूला हाक मारली नाही. नोडोणरीही म्हणाले नाहीत. गल्लीतली माणसं बघत होती, कारण इंदू काय म्हणायची ते सगळ्यांना पाठ होतं.

इंदूने आधी गाडीची चकचकीत जाळी बघितली, मग सीट, मग नवऱ्याची टोपी.

"दार किती वेळ धरून उभं राहणार?" ती म्हणाली.

"तू म्हणशील तोवर."

"गुडघा वाकत नाही माझा."

मी पुढे झाले. तिला आधी पाठमोरी सीटवर टेकवलं, मग तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरून एकेक पाय आत घेतला. ती ओरडली, मी शिव्या दिल्या, पण बसवली. एवढ्या मोठ्या सीटवर मधोमध बसली. हाताने सीट चाचपली. मग हळू म्हणाली, "अप्पांनी बघायला पाहिजे होतं," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. नाकातूनही. अगदी तसंच.

व्यंकण्णांनी ह्या वेळी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचाच चेहरा सांगण्यासारखा राहिला नव्हता. ते दुसरीकडे वळले.

"अय्यो, काय झालं हो?" कोपऱ्यावरची सुनंदा पुढे येऊन मान लांब करून बघायला लागली. "इंदूकाकू रडतायत?"

"रडत नाही ती," मी म्हटलं. "माझ्या गच्चीवर ब्याडगी मिरच्या वाळत घातल्यात. वाऱ्यानं ठसका येतोय. जावा आपापल्या घरी."