डबी मुकीच होती

"चंद्राची डबी बाळाजवळ, सूर्याची तुझ्याजवळ. चंद्र ऐकतो, सूर्य बोलतो. दिसायला दोघी जुळ्या बहिणी आहेत, नीट बघून घे गं," असं सासूने, म्हणजे ग्रेटाने, बजावलं होतं. "हो हो," म्हणत नोरीनने हाताला लागली ती डबी पँटच्या मागच्या खिशात कोंबली. सामना सुरूच होत होता आणि पाच महिन्यांची एडी नुकतीच तिच्या खांद्यावर ओकली होती. अशा वेळी सूर्यचंद्र कोण बघत बसतं?

नोरीन काझमारेक बीव्हर्स संघाची मॅनेजर. त्या लीगमध्ये बेसबॉलचा संघ बाईच्या हाती जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि मालकांच्या मते बहुधा शेवटची. "प्रयोग आहे," त्यांनी सांगून ठेवलं होतं. "एक जरी तमाशा झाला, तर मोसम संपायची वाट बघणार नाही." या प्रयोगाला ऑफिस म्हणून त्यांनी कपडे धुवायच्या यंत्रांशेजारची खोली दिली होती. तिथे आता ग्रेटा नातीला घेऊन बसली होती.

आधीचा मॅनेजर वीस वर्षं डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, बसून खिशातल्या रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकायचा. कुणी चकार शब्द काढला नाही. नोरीनला मात्र तिकीटवाल्यापासून पत्रकारापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न: "बाळाकडे कोण आहे?" आज समोरच्या संघाचा मॅनेजर होता डेल क्रॅबट्री. त्याला चार मुलं. त्याला विचारलं कधी कुणी? विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं.

डगआउटमध्ये फोनला बंदी, म्हणून बाळाचा आवाज लांबवर ऐकवणारी ही जुनी डब्यांची जोडी शेजारणीकडून मागून आणलेली. पण सामना सुरू होऊन अर्धा तास झाला तरी खिशातून हूं नाही की चूं नाही. रडणारं मूल आईला दमवतं, गप्प मूल तिचा जीव घेतं. एडी झोपली असेल? की पालथी पडली असेल? नोरीनचा हात पुन्हापुन्हा मागच्या खिशाकडे जाऊ लागला.

मैदानावर अचानक एकच ओरडा झाला. संघातला सगळ्यात जाडा गडी पुढच्या बेसच्या दिशेने धडधडत सुटला होता. हा गडी बेस चोरेल, म्हणजे चेंडू टोलवला जायच्या आधीच पुढचा बेस गाठेल, असं त्याच्या आईलाही वाटलं नसतं, त्यामुळे कुणी अडवायच्या आत तो पोचलासुद्धा.

"हेक्टर! अरे तो जाड्या का पळतोय?" नोरीनने तिसऱ्या बेसजवळच्या आपल्या म्हाताऱ्या कोचला विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत की, बॉस!"

"मी? कधी?"

"मागचा खिसा थोपटलात ना! खिसा म्हणजे पळ. खूण तुम्हीच ठरवलीय."

पण काळजीला खुणा कुठे कळतात? पुढच्या तासाभरात आणखी दोघे असेच पळाले आणि बीव्हर्स एका धावेने पुढे गेले. शेवटी न राहवून नोरीनने डबी काढून कानाला लावली. डेल क्रॅबट्री याचीच वाट बघत असावा.

"अंपायर! बाईकडे यंत्र आहे! आमच्या खुणा चोरतेय! उगीच नाही तो रेडा बेस चोरत!"

मुख्य अंपायर ऑरविल टटल पोट सावरत आला. "काय आहे हे?"

"बाळाची डबी."

"मग बाळाकडे कोण आहे?"

"आजी आहे! तुमच्याकडे कोण आहे?"

हे जरा वर्मी लागलं असावं. टटलने डबी कानाला लावली, हलवली, पुन्हा लावली. "यातून काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर सांगतेय! दीड तास काही ऐकू येत नाहीये!"

"म्हणजे ऐकायचा प्रयत्न तर होता," म्हणत त्याने अंगठा हवेत उडवला. बाहेर! डबी पुरावा म्हणून त्याच्या खिशात गेली आणि सोमवारी लीगपुढे सुनावणी लागली.

संतापाने लाल झालेली नोरीन खोलीत शिरली, तर एडी खिदळत होती.

"अगंबाई, आलीस पण?" ग्रेटा म्हणाली. "संध्याकाळभर तुलाच ऐकतोय आम्ही. तू हेक्टरवर ओरडलीस ना, तेव्हा तर ही पोट धरून हसली."

फळीवर सूर्याची डबी होती. चंद्र अंपायरच्या खिशात होता.

"स्ट्राइक!" सूर्य टटलच्या आवाजात ओरडला. मग त्याच्या पुढ्यात बसून चेंडू झेलणाऱ्या डेलच्या कॅचरचा आवाज आला, "साहेब, खरंच चोरत होती का हो ती?"

"छे रे! डबी मुकीच होती. पण एवढ्या लोकांसमोर वर केलेला अंगठा खाली कसा घेणार?"

"ऐकलंस?" ग्रेटा ताडकन उठली. "हेच सांग सोमवारी लीगला!"

"काय सांगू? मैदानाबाहेर काढल्यावर मी यंत्र लावून अंपायरचं बोलणं ऐकत होते?"

ग्रेटा खाली बसली. काहीच ऐकलं नव्हतं तेव्हा नोरीन गुन्हेगार ठरली होती, आणि आता निर्दोष असल्याचं ऐकलं तर तोच गुन्हा. तिने दात आवळून डबी बंद केली. त्याबरोबर एडीने खोली डोक्यावर घेतली. डबी सुरू केली. "बॉल... स्ट्राइक... बॉल..." टटलच्या त्या कंटाळलेल्या सुरावर एडीचे डोळे मिटले. मग काय, आईने निमूटपणे सामना शेवटच्या चेंडूपर्यंत ऐकला.

बीव्हर्स तीन धावांनी जिंकले. हेक्टर धापा टाकत आला. "तुम्ही नव्हतात ना, बॉस, मग मी आपला खिसाच थोपटत राहिलो."

तेवढ्यात टटलची गाडी निघाली. डबी खरखरली, मुकी झाली आणि एडी किंचाळत उठली. तेव्हापासून ती धड झोपलेली नाही.

तर वाचकहो, हमरस्त्यावरच्या मोटेलकडे तुमचं जाणं झालं, तर तिथे उतरलेल्या ऑरविल टटलकडे जरा डोकावून याल का? बरा आहे ना, जेवला का, आणि कॅचरला जे म्हणाला ते सोमवारी आपल्या तोंडाने सांगणार आहे का, एवढं विचारा. नोरीनला स्वतः जाऊन हे विचारायची सोय नाही. आणि निघताना एवढं मात्र नक्की बघून या: त्याच्याकडे कोण आहे?