ओसरीचा लाल पडदा

घर कसं सजवावं याचं शास्त्र मुंबईच्या कॉलेजात जाऊन शिकणारा आमच्या अख्ख्या चांदा जिल्ह्यात मी एकटाच होतो, आणि हे मी कोणालाही विसरू देत नव्हतो. अडचण एवढीच होती, की मी नेमकं काय शिकतो हे बाबांना कोणाला सांगता येत नसे. मूल गावच्या बाजारात कोणी विचारलं की ते म्हणत, "शिकते काहीतरी. खुर्च्या इकडच्या तिकडं ठेवते." हे ऐकून माझा जीव जळायचा!

नाताळच्या सुट्टीत घरी आलो तर प्रेमिलाला, माझ्या धाकट्या बहिणीला, पाहायला नागभीडकडून पाहुणे येणार होते. मुलगा शाळामास्तर. मावशीच्या घरच्या लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. हे तिनं मला एकट्याला सांगितलं होतं आणि वर दमही दिला होता. "भाऊ, हे जुळलं पाह्यजे. तू कशाले हात नको लावू."

मी हात लावलाच. शिकलेला माणूस गप्प कसा बसेल?

आमची ओसरी अंगणापासून चांगली कमरेइतकी उंच आणि समोरून सताड उघडी. माणूस फाटकातून आत आला की त्याला नांगर, दोरखंड, धानाची पोती आणि बाबांचं वाळत टाकलेलं धोतर, सगळं एका नजरेत दिसायचं. आमचे प्रोफेसर सांगत, की खोलीनं पाहुण्यासमोर एकदम उघडं पडू नये. मी नांगर गोठ्यात हलवला. पोती मागच्या खोलीत लावली. दोन खुर्च्या, एक बाक, मधे टेबल, टेबलावर तांब्यात धानाच्या लोंब्या. आणि ओसरीच्या तोंडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल पडदा! दोरी ओढली की मधोमध दुभंगून दोन्हीकडे सरकणारा. वरून गॅसबत्ती टांगली.

पाहुण्यांच्या गाडीला उशीर झाला. दिवस मावळला म्हणून मी बत्ती पेटवली आणि पडदा आतून असा काही उजळला, की मी स्वतःच अंगणात उभा राहून पाहत बसलो.

तेवढ्यात शेजारच्या गुणाबाई बारदाना घेऊन आल्या, अंगणात अगदी समोर अंथरला आणि मांडी घालून बसल्या. मग त्यांच्या सुना आल्या. मग अर्धी आळी आली. माझी कला पाहायला गाव लोटलं, या कल्पनेनं माझी छाती फुगली.

"बाबू, कवा उघडते?" गुणाबाईंनी विचारलं.

"पाहुणे आले की उघडतो," मी ऐटीत म्हणालो. "बसा ना आरामात."

इथे माझ्या पायावर कुऱ्हाड मीच मारून घेतली. धान कापून मोकळं झालेलं आमचं झाडीपट्टीतलं माणूस. उंच ओटा, लाल पडदा आणि मागे गॅसबत्ती एवढं दिसल्यावर ते काय समजणार? पुसात, म्हणजे पौषात, आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात, आणि नाटक म्हटलं की लोक बैल जुंपून शेजारच्या गावाहून येतात. तसे ते आलेच. अंगण भरलं, फाटकाबाहेर बैलबंड्या लागल्या. आणि मग पेटीवाला मुखरू खांद्यावर पेटी घेऊन, तोंड पाडून माझ्यापुढे उभा राहिला. "गावात नाटक करून राह्यले आन् मले सांगत नाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खुलासा करणार तोच पाहुण्यांची बंडी आली. मुलाचे वडील, दादाजी, जाडजूड मिशांचे भारदस्त गृहस्थ. गर्दीतल्या कोणीतरी त्यांना मागच्या रांगेत बसायला सांगितलं आणि ते बिचारे बसलेसुद्धा! बाबांनी धावत जाऊन त्यांना उठवलं, मागच्या दारानं आत आणलं आणि पडद्याआड खुर्च्यांवर बसवलं. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मला मुंबईची गाडी आठवली.

पोहे आले. प्रेमिला चहाचा ट्रे घेऊन मान खाली घालून आली. बाहेर मुखरूची नांदी संपली आणि कोणीच पडदा उघडेना, म्हणून त्यानं सवयीनं स्वतःच दोरी ओढली.

माझा पडदा मात्र सुरेख उघडला. दादाजींचा पोह्याचा घास तोंडाजवळच थांबला. मास्तर घाम पुसत होते. अंगणात टाळ्या पडल्या. दादाजींना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. "तुह्यं नाव काय बाई?"

प्रेमिला पुटपुटली.

"आवाज नाई येऊन राह्यला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"हिरोले काई येते का नाई?" दुसऱ्यानं विचारलं. मास्तरांनी रुमालात तोंड लपवलं. सोयरीक माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती. मी दोरी ओढायला धावलो तर ती वर गुंतलेली.

प्रेमिलानं ट्रे टेबलावर ठेवला. पदर खोचला. ओसरीच्या काठाशी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माह्यं नाव प्रेमिला. हे नाटक नाई, मले पाह्याले पाहुणे आले हायेत. हा मास्तर मले पसंत हाये आन् तुम्ही त्याले भेवाडून राह्यले. जा आपापल्या घरी."

एवढ्या टाळ्या आमच्या गावात कोणत्याच नाटकाला पडल्या नव्हत्या! बाबा खांबाला धरून खाली बसले. दादाजींनी तोंडाजवळचा घास आता खाल्ला, मिशा पुसल्या आणि मुलाकडे पाहिलं. मुलानं रुमालाआडूनच जोरजोरात मान हलवली.

"आमच्या पोराले चार लोकांत तोंड उघडता येत नाई," दादाजी म्हणाले. "घरात एक तरी बोलणारं पाह्यजेच होतं. आमची पसंती हाये."

बाबांनी मला मिठी मारली. निघताना गुणाबाई बारदाना झटकत म्हणाल्या, "चांगलं होतं बाबू, पण लय लवकर संपलं."

मी तांब्यातल्या लोंब्या नीट करत दादाजींच्या आसपास घुटमळलो. सजावटीबद्दल एक शब्द, निदान बाकाबद्दल! त्यांनी पडद्याचा काठ बोटांत धरून पाहिला. "संक्रांतीले आमच्या गावात नाटक हाये. हा घेऊन जातो. दोरी बांधाले तुम्ही या."

मी गेलो. बहिणीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार? तेव्हापासून बाबांना मूलच्या बाजारात कोणी विचारलं, की ते छाती पुढे काढून सांगतात, "पोरगा मुंबईत नाटकाचे पडदे बांधाले शिकते." मी एकदा त्यांची चूक दुरुस्त करायला निघालो होतो. प्रेमिलानं थांबवलं.

"राहू दे भाऊ," ती म्हणाली. "एवढं तरी लोकाईले समजते."