दुपारच्या जेवणानंतरचा बग

बगबहाद्दर ही पदवी त्यांना कोणी दिली नव्हती. ती त्यांनी स्वतःच घेतली होती, कारण देणाऱ्याची वाट पाहण्यात तपासाचा वेळ वाया जातो. नजर घारीची, बुद्धी तलवारीची आणि नम्रता तर अशी, की तिच्याबद्दल ते तासभर बोलू शकत. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेली, कोणालाही फुकट वापरता येणारी एक संगणकप्रणाली होती. तिची नवी कच्ची आवृत्ती आली की तिच्यातले बग, म्हणजे दोष, पकडून जाहीर यादीत नोंदवायचे, हे बगबहाद्दरांचे बिनपगारी काम. पोटापाण्यासाठी ते विमा कार्यालयात जात, पण त्याला ते वेशांतर म्हणत.

या वेळचा बग भयंकर होता. सुटीच्या दिवशी दुपारचे जेवण झाले, की कर्सर आपोआप पळत सुटे आणि मागे नुसत्या रिकाम्या जागा पडत. दुसऱ्या कोणाकडे तो दिसेना. प्रकल्पप्रमुख बाईंनी कळवले, की आणखी एकाने दुजोरा दिल्याशिवाय बग खरा धरत नाहीत. बगबहाद्दरांनी थोरल्या भावाला बोलावले. दादा जेवून आले, त्याच खुर्चीत बसले आणि कर्सर पळाला. नव्या आवृत्तीचे प्रकाशन थांबले. बग खोटा निघाला तर तुम्हाला चाचणीपथक सोडावे लागेल, असेही बाईंनी सौम्य शब्दांत लिहिले. बगबहाद्दरांची झोप उडाली. कार्यालयात त्यांना कोणी विचारत नसे. काय किंमत होती ती या पथकातच.

मग सिद्धांत सुरू झाले. संगणकाचे घड्याळ दुपारी गोंधळत असणार, म्हणून ते मागे केले. कर्सरने दाद दिली नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कोणी शत्रू असून आपल्याकडे दुपार झाली की तो कामाला लागत असणार, म्हणून वायफाय बंद केले. शत्रू वायफायशिवायही येत राहिला, म्हणजे तो फारच हुशार होता. तिसरा सिद्धांत ते दादांना समजावत असताना बायको चार्जर न्यायला आली.

"अहो, खुर्ची जरा मागे घ्या."

"तपास चालू आहे."

"म्हणूनच सांगतेय. तुमचं पोट स्पेसबारवर टेकलंय."

दोघा भावांनी खाली पाहिले. दादांनी नकळत श्वास आत ओढला. खुर्ची मागे सरकली आणि कर्सर जागच्या जागी उभा राहिला.

"पण दादाच्या वेळी?"

"दादांचं पोट काय परक्या घराण्याचं आहे?"

कारण जाहीर लिहिल्याशिवाय बग बंद करता येत नसे. वीजप्रवाहात दोष, असे लिहायचा मोह बगबहाद्दरांना झाला. पण मग कुठेतरी कोणी बिचारा तो दोष शोधत बसला असता. त्यांनी लाजेने लाल होत लिहिले: कारण, माझे पोट. उपाय, खुर्ची मागे घ्यावी. आणि पथकातून नाव जाण्याची वाट पाहत बसले.

कोणी हसले नाही. एका अनोळखी परीक्षकाने आपला जुना बग बंद केला आणि आभार मानले. पाठोपाठ दुसऱ्याने केला, मग तिसऱ्याने. संध्याकाळपर्यंत यादी निम्मी झाली. बाईंचा निरोप आला, की आपण पथकात राहावे. त्यानंतर प्रणालीतला सर्वांत जुना, आजवर कोणालाच न उलगडलेला बग बंद झाल्याची सूचना आली. तो बाईंनी स्वतः नोंदवलेला होता. कारणापुढे त्यांनी एवढेच लिहिले होते, "वरीलप्रमाणे."