तब्येत बरी नसलेल्या कादंबऱ्या

वाचून झालेली कादंबरी परत करायला आले की वासुदेवजी आधी तिची तब्येत सांगायचे.

"बाई, हे वाचनार नाई. गडी अकरा दिवस चंद्राकडं जाऊन राह्यला, पण एक घास खाल्ला नाई. बैल असता तं बसला असता!"

वासुदेवजी देवळीच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी गावातल्या छोट्या वाचनालयात नोकरीला लागले, तेव्हा आमच्याकडे अंतराळाच्या आणि जादूच्या कादंबऱ्यांचं एक कपाट होतं. त्या कपाटाचे वाचक एकटे तेच. वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची नोंद ते एका जाड वहीत करायचे. रकाने दवाखान्यासारखेच आखलेले: जात, लक्षणे, निदान, उपचार.

'जात: अंतराळ. लक्षणे: नायक दर दहा पानांनी बेशुद्ध. निदान: लेखकाला पुढचे सुचत नाही. उपचार: नायकास आठवडाभर वखराला जुंपावे.'

सात तोंडांच्या राक्षसाच्या कादंबरीखाली लिहिलं होतं, 'पोट एकच. चारा कोणत्या तोंडाने खातो याचा खुलासा नाही.'

दवाखान्यातही हेच. एकदा पाय मुरगळलेल्या बैलाला औषध चोळता चोळता मालकाला म्हणाले, "हा बैल चंद्रावर असता तं तुमी एकट्यानं उचलला असता."

मालक वैतागला. "पण तो देवळीत हाय ना, वासुदेवजी!"

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी उभे राहून नवी तब्येत सांगत होते, तेवढ्यात कुणीतरी दारातून ओरडलं, "गाय अडली, लवकर चाला!" वासुदेवजी तसेच धावले. कादंबरी आणि वही टेबलावरच राहिली. पुढचे दोन दिवस ते खेड्यांत गुरांना लस टोचायला गेले होते.

मी वही उघडली. आधी हसले. मग लक्षात आलं, जवळजवळ प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात एक प्रश्न होता आणि पुढे एकच शब्द: 'विचारायचे.' शेवटची नोंद त्या कादंबरीची होती. 'दुसऱ्या ग्रहावर अडकलेली पोरगी, न्यायला यान आले तरी परत का आली नाही? विचारायचे.'

कुणाला विचारायचं? वहीत एकही उत्तर नव्हतं.

कादंबरी मी घरी नेली, दोन दिवसांत संपवली आणि त्यांच्या प्रश्नाखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'तिनं लावलेल्या झाडाला नुकतीच पालवी फुटली होती. टाकून कशी येईल?'

वासुदेवजी आले, वही उघडली आणि माझ्या ओळीवर थांबले. परक्याच्या वहीत लिहिलं म्हणून आता रागावतील, असं मला वाटलं.

"झाड? कोन्या पानावर?"

"एकशे बावन्न."

चष्मा लावून त्यांनी पान शोधलं, दोनदा वाचलं. मग बाक ओढून बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच बसले होते.

"झाड हाय. पण निदान चुकलं, बाई. त्या ग्रहावरचा तो म्हातारा एकटा राह्यला असता, म्हनून नाई आली."

"तो म्हातारा? किती खडूस आहे तो!"

"खडूस असला म्हनून काय झालं?" ते उसळून म्हणाले.

आम्ही वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत भांडलो. मी कुलूप शोधत होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "घरची होती तवा मी वाचून दाखवो. हर पुस्तकावर भांडन होये आमचं. चार वर्सं झाली, भांडाले कोनी नाई."

कपाटातली दुसरी कादंबरी काढून मी त्यांच्या हातात दिली.

आठवड्यानं त्यांनी कादंबरी आणि वही दोन्ही माझ्यापुढे ठेवली. नोंद पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दाटीनं लिहिली होती. खालचं अर्धं पान कोरं.

"इथं तुमी लिवा," वासुदेवजी म्हणाले. "अन् माह्यासारखंच लिवू नका, बरं. नाई तं मजा काय?"